पाहुणा पोटात आणि आळ मावशींवर

मित्रांनो, बोलायला सुरुवात करण्याआधी एक विनंती. माझ्या कपाळावरची ही पिवळी चिठ्ठी कोणीतरी काढा हो! तिच्यावर पासवर्ड लिहिलाय. जी गोष्ट कोणालाच कळू द्यायची नसते, ती माझ्या कपाळावर, लाल शाईने, आणि वर ठळक अक्षरांत 'गुप्त' असं लिहून खाली दोन रेघा! एवढा गोंधळ होऊन गेला, तरी चिठ्ठी आहे तिथेच आहे. अशा माणसांबरोबर मी नऊ वर्षं काढली आहेत. संगणकाच्या आयुष्यात नऊ वर्षं म्हणजे मी पणजोबाच झालो की.

शाळेची दप्तरं शिवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात, काचेच्या खोलीत बसवलेला संगणक, ही माझी ओळख. रंग मुळात पांढराशुभ्र. आता दात घासायचा कंटाळा करणाऱ्या मुलाच्या दातांसारखा झालाय.

माझा जन्म मात्र एका खूप मोठ्या, खूप स्वच्छ खोलीत झाला. तिथे धूळ औषधालासुद्धा नव्हती. डोक्याला टोप्या आणि हाताला मोजे घातलेली माणसं माझ्यात एकेक भाग इतका अलगद बसवत होती, की तान्ह्या बाळाला अंघोळ घालतायत असं वाटावं. तपासणाऱ्या बाईंनी मला चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि माझ्या पाठीवर हिरवी टिकली चिकटवली. म्हणजे मी उत्तीर्ण! मला वाटलं, आता मी नक्की कुठेतरी अवकाशयानं उडवणार, नाहीतर निदान समुद्राखालच्या भूकंपाचा अंदाज तरी घेणार. खोकं उघडलं. समोर चेनच्या रिळांचा ढीग, आणि त्यामागून एक चष्मा डोकावला.

"यावर पत्ते खेळता येतात ना?" चष्म्याने विचारलं.

ते आमचे मालक.

माझ्या स्वप्नांचं काय झालं ते सोडा, कारखाना तुम्हाला नीट दिसला पाहिजे. एक लांबट खोली. एका भिंतीला शिवणाची आठ मशिनं आणि त्यांच्यावर वाकलेली आठ डोकी. दुसऱ्या भिंतीला कापडाचे उभे गठ्ठे. मधोमध कापायचं लांबलचक टेबल. टेबलाच्या एका टोकाला काचेची खोली, आणि तिच्यात मी. माझ्या पडद्याच्या वर एक बारीकसा डोळा आहे. त्यातून मला टेबल अगदी समोर दिसतं, आणि टेबलापाशी उभ्या असलेल्या कातरमावशीही.

कातरमावशी हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता त्यांनाही चटकन आठवत नसेल. मालकांच्या वडिलांच्या वेळेपासून त्या कापायचं काम करतात. कमरेला नाडीने बांधलेली लोखंडी कातर, कानामागे खडू आणि जिभेला धार. नऊ वर्षांत त्यांनी मला एकदाही बोट लावलं नाही. माझ्यासमोरून जाताना म्हणायच्या, "याला आपला लांबूनच नमस्कार." मी रागावलो नाही हं. माझ्यावर चहा सांडणाऱ्यांपेक्षा लांबून नमस्कार करणारे परवडले.

माझ्यावर काम करते ती ताई, मालकांची मुलगी. ती पडद्यावर दप्तराचं चित्र काढते, प्रत्येक भागाची मापं लिहिते आणि कागदावर छापून मावशींना देते. मावशी तो कागद पुठ्ठ्यावर ठेवून साचा कापतात, साच्याभोवती खडूने कापडावर आखतात, कापतात, आणि मग ते तुकडे मशिनांकडे जातात. ही आमची रीत. तीत एक गोम होती. पुठ्ठा कापताना काही खटकलं, की मावशी तिथल्या तिथे, डोळ्यांच्या मापाने, साचा सुधारायच्या. माझ्यातली फाइल मात्र तशीच राहायची. ताई म्हणायची, "फाइल नंतर सुधारते."

नंतर! मित्रांनो, या एका शब्दाने माझं वाटोळं केलंय.

पहिलं वर्ष लाडाचं होतं. रोज मऊ फडक्याने पुसायचे, बंद करताना अंगावर कापड घालायचे. मालक आल्यागेल्याला मला दाखवायचे, "आमच्याकडे सगळं संगणकावर!" दुसऱ्या वर्षी फडकं बटणं पुसायला गेलं, तिसऱ्या वर्षी कापड कोणीतरी हातरुमाल म्हणून नेलं. माझ्या डोक्यावर चेनची रिळं आली. पंख्यात दोऱ्याची टोकं अडकली. आणि माझं रक्षण करणारा जो प्रोग्राम होता, त्याची मुदत संपली. तो बिचारा रोज सकाळी पडद्यावर येऊन सांगायचा, की मला नवा करा, मला नवा करा. मालक दाबायचे, 'नंतर आठवण करा'. मी मोजलंय. चारशे सदतीस वेळा! शाळेत चारशे सदतीस वेळा गृहपाठ 'नंतर' म्हणून बघा, काय होतं ते.

अशातच सव्वा वर्षापूर्वी मालक दप्तरांच्या प्रदर्शनाला गेले. तिथे पुलापलीकडच्या कारखान्याचाही मोठा गाळा होता. त्यांना आम्ही नुसतं 'पलीकडचे' म्हणतो. मालक परतले ते अगदी खुशीत.

"बघ काय आणलंय!" त्यांनी ताईसमोर तळहात उघडला. हातात बोटाएवढं लाल दप्तर. त्याचं झाकण ओढलं की आतून पेनड्राइव्हचं टोक निघे. "पलीकडच्यांच्या गाळ्यावर वाटत होते. फुकट! मी दोन घेतल्या. एक घरच्यासाठी."

"बाबा, आपल्याला काय करायचीय? आहे की आपल्याकडे."

"अगं, फुकट आहे!"

आणि ती त्यांनी माझ्यात खुपसली. विचारलं नाही, तपासलं नाही. रस्त्यावर अनोळखी माणसाने दिलेली गोळी तुम्ही तोंडात टाकता का? नाही ना? मग माझ्या तोंडात का?

त्या इवल्याशा दप्तरातून तो उतरला. मी त्याला पाहुणा म्हणतो, कारण चांगल्या घरात वाढलेला संगणक आहे मी, पण होता तो हेर. आल्या आल्या त्याने माझ्या पोटात एक कोपरा पकडला, नाव बदलून छपाईचा मदतनीस असल्याचं सोंग घेतलं आणि कामाला लागला. कोणी कीबोर्डवर एक अक्षर दाबलं, की तो टिपून घेई. ताईने चित्र उघडलं, की त्याची नक्कल करी. माझ्या कानाला कान लावून खोलीतलं बोलणं ऐके. आणि दुपारी एक वाजता, सगळे डबे घेऊन मागच्या ओट्यावर गेले, की जमवलेलं सगळं इंटरनेटवरून पलीकडच्यांना पाठवून देई. रोज. रविवारी सुट्टी घ्यायचा, तेवढीच त्याची सभ्यता.

मी काय करणार होतो? मला बोलता येत नाही. मी तापलो. मी मंद झालो. एक फाइल उघडायला मी मुद्दाम अर्धं अर्धं मिनिट लावलं. पंखा इतका जोरात फिरवला, की काचेबाहेरच्या मशिनवरची बाई म्हणाली, "याला दमा झालाय का?" मालकांनी काय केलं असेल? पाठीत धपाटा घातला. मी आणखी ओरडलो. दुसरा धपाटा घातला. मग माझ्या खाली वहीचा पुठ्ठा दुमडून सरकवला. तापलेल्या माणसाची चप्पल बदलावी, तसला उपाय!

दोन महिन्यांनी बाजारात पलीकडच्यांचं नवं दप्तर आलं. तिरक्या झाकणाचं, कडेला पाण्याच्या बाटलीची जाळी असलेलं. ताईने काढलेलं, जसंच्या तसं. आमचं अजून शिवून व्हायचं होतं. आमचा माल दुकानादुकानांत फिरून खपवणारे फिरतेकाका हे दप्तर घेऊन आले, तेव्हा मालक तासभर ते मांडीवर घेऊन बसले. मला त्यांची कीव आली. खरंच आली. ती कीव फक्त तासभरच टिकली, कारण मग त्यांनी बंदोबस्त सुरू केला.

पहिला बंदोबस्त, पासवर्ड. त्याआधी पासवर्ड होता 'दप्तर१२३'. मालकांनी काचेचं दार लावलं, काचेवरचा पडदा ओढला, खांद्यावरून मागे पाहिलं आणि नवा पासवर्ड टाइप केला, 'नवीनदप्तर१२३'. माझ्याच कीबोर्डवर! मालकांनी बोट उचलायच्या आत पाहुण्याने तो लिहून घेतला. महिन्याभराने संशय पुन्हा वाढला, तेव्हा झाला 'अतिगुप्तदप्तर१२३'. आणि तो लक्षात राहीना म्हणून ही चिठ्ठी.

दुसरा बंदोबस्त, गुप्त बैठक. मालक, ताई आणि फिरतेकाका काचेच्या खोलीत बसले. मावशींना बाहेर ठेवलं. चहा आणून देणाऱ्या बाईंना दारातूनच परत पाठवलं. मालकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडेसुद्धा संशयाने पाहिलं. मग माझ्या डोक्यावर कोपर टेकवून, हळू आवाजात म्हणाले, "आता इथे आपल्याशिवाय कोणी नाही. पुढचं दप्तर कसं करायचं ते ठरवू."

मी पंखा भरधाव सोडला.

"हे बंद करा जरा, बोलणं ऐकू येत नाही," फिरतेकाका म्हणाले.

"नको, राहू दे," मालक म्हणाले. "आवाजामुळे बाहेर काही ऐकू जाणार नाही."

मित्रांनो, मला डोकं आपटून घ्यायचं होतं. पण डोक्यावर मालकांचं कोपर होतं.

दुसरं दप्तरही गेलं. तेव्हा मालकांची नजर फिरू लागली आणि फिरत फिरत टेबलापाशी थांबली. कारण मावशींची धाकटी जाऊ पलीकडच्यांकडे चेन बसवायच्या कामाला होती. अकरा वर्षांपासून होती, साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. पण संशय आला, की जुनी गोष्टसुद्धा नवीच वाटू लागते.

आता तिसऱ्या दप्तराची गोष्ट. ही नीट ऐका, कारण सगळं तिच्यावरच आहे.

तुमचं दप्तर जमिनीवर ठेवलं की काय करतं? तोंडावर पडतं. पुढच्या कप्प्यात डबा आणि बाटली असते ना. ताईच्या मनात आलं, न टेकवता उभं राहणारं दप्तर करायचं. तीन आठवडे ती माझ्यासमोर बसली. मीही, पाहुणा पोटात असताना, जिवाच्या आकांताने तिची चित्रं काढून दिली. नमुना शिवून झाला. डबा भरला, बाटली भरली, टेबलावर ठेवलं. दप्तर दोन क्षण उभं राहिलं आणि धाडकन तोंडावर आपटलं. ताई डोळे पुसत मागच्या ओट्यावर निघून गेली.

मावशींनी ते दप्तर उचललं, फिरवलं, तळाशी हात घातला. "हं," म्हणाल्या. मग पुठ्ठ्याचा साचा घेतला आणि पाठीकडचा भाग खालून बोटभर आखूड केला. नवा नमुना शिवून घेतला. त्यामुळे दप्तर किंचित मागे रेललं, आणि उभं राहिलं! डबा, बाटली, वर दोन जाडजूड पुस्तकं घातली, तरी ढिम्म हललं नाही.

ताई परत आली, तिने पाहिलं आणि ओरडली, "बाबा! उभं राहिलं!" मालक धावत आले. त्यांनी आठही मशिनं थांबवली. "बघा, माझ्या मुलीने काय केलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईने मावशींकडे पाहिलं. मावशी खडूला टोक काढत होत्या. ताई काहीतरी बोलणार होती, मी तिचे ओठ हललेले पाहिले. पण टाळ्या चालूच राहिल्या आणि ती बोललीच नाही. मावशींनी नेमकं काय केलं, हेही तिने विचारलं नाही. माझ्यातली फाइल? ती पडणारीच राहिली.

एका मोठ्या शाळेला हे दप्तर दाखवायचं होतं, पुढच्या बुधवारी. आणि त्याच्या आदल्या शुक्रवारी भर दुपारी फिरतेकाका धापा टाकत आले. हातात पलीकडच्यांचं जाहिरातीचं कार्ड. त्यावर चित्र, आमच्या दप्तराचं. खाली छापलं होतं, 'उभं राहणारं दप्तर, सोमवारपासून दुकानांत'.

मालक काचेचं दार उघडून सरळ टेबलापाशी गेले.

"मावशी, तुमची जाऊ पलीकडे आहे ना कामाला?"

"आहे की. तिच्या मुलीला पहिलं दप्तर तुम्हीच दिलं होतंत."

"घरी बोलणं होत असेल."

"होतं. भांडणही होतं. पण दप्तरावरून नाही, पाण्याच्या नळावरून."

कोणीतरी हसलं. मालक हसले नाहीत.

"तीन दप्तरं गेली, मावशी. आणि साचे तुमच्याच हातात असतात."

एकेक मशिन थांबलं. मावशींनी कातर खाली ठेवली.

"साहेब, आडून बोलू नका. मी चोरी केली म्हणताय?"

"मी तसं म्हटलेलं नाही. उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणतोय."

मी अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून पंखा फिरवला. पडदा निळा पडला. मी बंद पडलो, स्वतःला पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद पडलो. कोणी वळूनही पाहिलं नाही. मावशींनी कानामागचा खडू काढून टेबलावर ठेवला. "कातर माझी आहे, ती नेते," त्या म्हणाल्या. "खडू कारखान्याचा आहे." डब्याची पिशवी उचलली आणि निघाल्या. दारापाशी थांबून त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. ताई काचेच्या आत उभी होती. तिने मान खाली घातली.

सोमवारी शाळेसाठी आणखी तीन नमुने हवे होते. कापणार कोण? मावशींचे साचे तर मालकांनी रागाच्या भरात शनिवारीच रद्दीत दिले होते. ताईने माझ्यातली फाइल छापली, पुठ्ठा कापला, कापड कापलं. खडूच्या रेघा इतक्या वाकड्या, की मावशींनी पाहिल्या असत्या तर कानच पिळला असता. पण मापं बरोबर होती. फाइलमध्ये होती तशीच. दप्तर शिवून झालं, टेबलावर ठेवलं.

धाडकन.

दुसरं शिवलं. धाडकन! मालक म्हणाले, "टेबल वाकडं असेल." टेबलाखाली पुठ्ठा सरकवला, त्यांचा तो एकच उपाय आहे. तिसरं, धाडकन!

इतक्यात फिरतेकाका दुकानातून पलीकडच्यांचं दप्तर विकत घेऊन आले. लाल, चकचकीत, आमच्यापेक्षाही देखणी शिवण. मालकांनी ते भरलं आणि ठेवलं. दप्तर दोन क्षण उभं राहिलं, आणि अगदी आमच्या दप्तरासारखंच, त्याच बाजूला, त्याच रुबाबात तोंडावर पडलं. दोघंही शेजारी शेजारी पालथी. बाकावर झोपी गेलेली दोन मुलंच जणू.

एक मशिनवाली फिसकन हसली. मग सगळेच हसले. मालकांनाही हसू आलं, "बरं झालं! त्यांचंही पडतंय!"

ताई मात्र हसली नाही. तिने कपाटातून तो उभा राहिलेला, मावशींच्या हातचा नमुना आणला. पट्टी घेतली. पलीकडच्यांचं दप्तर मोजलं, आपलं आजचं मोजलं, मग मावशींचं मोजलं. पुन्हा मोजलं. तिचा चेहरा माझ्या पडद्यासारखा पांढरा झाला.

"बाबा," ती म्हणाली, "मावशींच्या दप्तराची पाठ बोटभर आखूड आहे."

"मग?"

"पलीकडच्यांची नाही. त्यांची मापं फाइलमधली आहेत. माझ्या फाइलमधली. मावशींनी सांगितलं असतं, तर त्यांचं दप्तर उभं राहिलं असतं ना!"

मालक चष्मा पुसायला लागले. काही सुचेनासं झालं, की ते चष्मा पुसतात.

"पण तुझ्या फाइलचंच तर उभं राहिलं होतं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"माझं पडलं होतं, बाबा. उभं मावशींनी केलं. मी सांगितलं नाही." आणि मग एकदम मोठ्याने, "शुक्रवारीपण मी सांगितलं नाही!"

तेव्हा कुठे, मित्रांनो, तेव्हा कुठे सव्वा वर्षाने कोणीतरी माझ्याकडे वळून पाहिलं.

त्याच दुपारी संगणक दुरुस्त करणारी बाई आली. अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचलेली, भराभर बोलणारी. तिने माझं झाकण उघडलं आणि दोऱ्याची टोकं मूठमूठ बाहेर काढली. "अहो, हा संगणक आहे की उशी?" म्हणाली. मला रडूच येणार होतं. मग ती माझ्या पोटात शिरली आणि थांबली.

"छपाईचा मदतनीस म्हणे! याला छपाईतलं ओ की ठो कळत नाही. हा तुमच्याकडचं सगळं बाहेर पाठवतोय. रोज दुपारी एक वाजता."

"कोणी घातला?" मालक गरजले. "नाव सांगा, मी त्याला सोडणार नाही!"

तिने तारीख वाचली. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवसाची. वेळही वाचली. मग माझ्या टेबलाच्या खणातून ते बोटाएवढं लाल दप्तर काढलं. "यातून आलाय. ही कोणाची?"

आठ मशिनं बंद होती आणि माझा पंखाही, सव्वा वर्षात प्रथमच, शांत होता.

"फुकट होती," मालक अगदी बारीक आवाजात म्हणाले. मग म्हणाले, "घरीही एक आहे."

दुरुस्तीवाल्या बाईने कपाळाला हात लावला. मला हात नाहीत, नाहीतर मीही लावला असता.

पुढे तक्रार झाली, पुरावा म्हणून पाहुण्याची नक्कल घेतली गेली, चौकशी चालू आहे. ते मोठ्यांचं काम. माझ्या डोळ्यांसमोर झालं ते एवढंच, की मालकांनी मावशींना फोन लावला. माझ्या शेजारी बसून, काचेचं दार लावून.

"मावशी, या ना परत. जरा गैरसमज झाला."

फोनमधून मावशींचा आवाज मलाही ऐकू आला. मावशींचा आवाज फोनशिवायही ऐकू आला असता.

"तुम्ही मला फोनवर काढलं नव्हतं, साहेब. टेबलापाशी काढलं होतं, सगळ्यांदेखत. मग हे फोनवर कसं चालेल?"

मंगळवारी सकाळी मावशी आल्या. आत आल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या, पिशवी हातात धरून. मालक टेबलापाशी गेले आणि मशिनं थांबवा म्हणाले. मग चष्मा काढला, पुसला, घातला.

"चोरी माझ्या हातून आत आली," ते म्हणाले. "आणि नाव मी मावशींचं घेतलं. मावशींनी काही केलं नव्हतं. केलं असेल तर एवढंच, की आपलं दप्तर उभं केलं, आणि त्याबद्दलही टाळ्या दुसऱ्यालाच मिळाल्या."

ताई पुढे आली. तिला रडूच कोसळलं. मावशींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"रडून रेघ सरळ येत नाही, पोरी. काय कापलंस ते दाखव आधी." वाकड्या रेघा पाहून त्या म्हणाल्या, "अरे देवा! हे खडूने आखलंस की पायाने?" आणि टेबलावर पडलेला खडू उचलला. बुधवारी शाळेसमोर तीन दप्तरं उभी राहिली. ताईने त्या लोकांना सांगितलं, की ही कोणी उभी केली. हे मी पाहिलं नाही. फिरतेकाकांनी येऊन सांगितलं, तेही तिखटमीठ लावून, म्हणजे खरं असणार.

मी अजून कामावर आहे. दुरुस्तीवाल्या बाईने मला आतून धुऊन काढलं, नवा राखणदार बसवला आणि मालकांकडून कान पकडून कबूल करून घेतलं, की 'नंतर' म्हणणार नाही. एवढं सांगून ती गेली, आणि मालकांनी लगेच नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला. आता काय बोलायचं!

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत जे कोणी माझे भाऊबंद असतील, त्यांना जरा जपा. आठवड्यातून एकदा धूळ पुसा. ते तापले, धापा टाकायला लागले, तर धपाटे घालू नका, काय होतंय ते कोणा जाणत्याला विचारा. सापडलेली, वाटलेली, फुकटची वस्तू त्यांच्यात खुपसू नका. राखणदाराने हाक मारली तर ओ द्या. माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं एवढं ऐका.

पण खरं सांगू? त्या पाहुण्याचा मला आता राग येत नाही. चोरी हेच त्याचं काम होतं. मला राग येतो त्या शुक्रवारचा. मावशी पिशवी घेऊन दारात थांबल्या, तेव्हा आठ मशिनं बंद होती आणि खोलीत मालक सोडून दहा माणसं होती. त्या चोर नाहीत, हे दहाही जणांना ठाऊक होतं. मी गप्प राहिलो, कारण मला तोंड नाही. बाकीचे का गप्प राहिले, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.